पन्नासावा पर्सेंटाइल म्हणजे ‘आदर्श’ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत तरुण मुलांच्या बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याच्या, पर्सेंटाइलचा एक तक्ता आला होता, १८ ते २५ वयाच्या सगळ्यांसाठी मिळून एकच, आणि त्यात ५०च्या ओळीला हिरवा रंग देऊन समोर ‘आदर्श’ असं छापलं होतं. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. कोणीतरी त्या तक्त्याचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि मग लेक्चर संपल्यावर मुलं विचारायला यायला लागली, मॅडम माझा वीस येतोय म्हणजे मी फारच मागे आहे का, मॅडम माझा ऐंशी आहे म्हणजे चांगलंच ना. दोघांनाही उत्तर द्यायला वेळ लागला, कारण आधी तो तक्ता डोक्यातून काढावा लागला. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

सगळ्यात आधी, पर्सेंटाइल म्हणजे नंबर. शंभर जणांना बीएमआयप्रमाणे कमीपासून जास्तीपर्यंत रांगेत उभं केलं तर तुमच्या मागे किती जण आहेत, एवढंच तो सांगतो. तुम्ही निरोगी आहात की नाही हे तो सांगत नाही, तुमच्या अंगात चरबी किती तेही सांगत नाही. आपल्या मुलांची पर्सेंटाइलशी ओळख होते एन्ट्रन्स परीक्षेत, तिथे ९९ म्हणजे पेढे आणि ४० म्हणजे घरात शांतता, त्यामुळे तीच सवय इकडे येते आणि वजनाच्या बाबतीतही वरचा आकडा म्हणजे पास, खालचा म्हणजे नापास असं वाटायला लागतं. तुमच्या तक्त्याने त्यात अजून एक भर घातली की मधला आकडा म्हणजे बक्षीस. दोन्ही चूक.

हा मधल्याला आदर्श मानण्याचा प्रकार तसा जुना आहे. ज्या सूत्राला आपण आज बीएमआय म्हणतो ते बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांच्याकडून आलं, १८३०च्या दशकात. ते डॉक्टर नव्हते, खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्रातले होते, आणि त्यांना ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधायचं होतं. मोठ्या माणसांमध्ये वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं त्यांना दिसलं. लोकसंख्येचं वर्णन करायला ते ठीकच होतं, पण त्यांच्या लेखी हा सरासरी माणूसच नमुना होता, त्यापासून जितके लांब तितके तुम्ही बिघडलेले. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतले संशोधक अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांची मापं घेऊन वेगवेगळी सूत्रं ताडून बघितली, त्यात हे सूत्र बरं ठरलं आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव मिळालं. मोठ्या समूहाच्या अभ्यासासाठी सोपं आणि स्वस्त माप म्हणून ते पुढे आलं, एकट्या माणसाच्या तब्येतीचा निकाल लावायला नाही.

हिशोब सगळ्यांना माहीत असतो तरी एकदा करते कारण पुढे तोच लागणार आहे. वजन किलोत, उंची मीटरमध्ये, आणि वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं. १७२ सेंटिमीटर उंचीचा मुलगा घेऊ. १.७२ गुणिले १.७२ म्हणजे साधारण २.९६. त्याचं वजन ६८ किलो असेल तर बीएमआय २३च्या जवळ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रौढांसाठीच्या नेहमीच्या हद्दी अशा, १८.५च्या खाली कमी वजन, १८.५ ते २५ ठीक, २५च्या पुढे जास्त वजन, ३०च्या पुढे लठ्ठपणा. आपल्या १७२च्या मुलासाठी म्हणजे ५५ किलोच्या आसपास खालची हद्द, ७४ला वरची आणि ८९ला लठ्ठपणाची. यात पर्सेंटाइल कुठेच नाही बघा, वीस वर्षांच्या पुढे वय कितीही असो, हद्दी त्याच.

मग पर्सेंटाइल आले कुठून? ते वाढत्या मुलांसाठी आहेत. सहा वर्षांच्या मुलाला २५ची हद्द लावून चालत नाही, वाढीच्या वयात बीएमआय आधी उतरतो मग चढतो, मुलांचा वेगळा मुलींचा वेगळा, त्यामुळे त्याच वयाच्या मुलांच्या रांगेत हा कुठे आहे असंच बघावं लागतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००० साली जे चार्ट काढले ते २ ते २० वयासाठी आहेत आणि त्यात पाचच्या खाली कमी वजन, ५ ते ८५ ठीक, ८५ ते ९५ जास्त वजन आणि ९५च्या पुढे लठ्ठपणा अशी वाटणी आहे. म्हणजे ‘ठीक’ हा एवढा रुंद पट्टा आहे, पाचपासून पंच्याऐंशीपर्यंत! वीस पर्सेंटाइलवाला मुलगा त्यात आरामात बसतो आणि ऐंशीवालाही बसतो. पन्नासच्या ओळीला त्या चार्टवर काही खास मान नाही, ती फक्त मधली रेघ आहे.

आणि वीस वर्षांचा झाला की चार्ट संपतो. एकवीस, तेवीस, पंचवीस वर्षांच्या मुलाचं वजन ठीक आहे का हे पर्सेंटाइलने ठरवतच नाहीत. इंटरनेटवर प्रौढांचे पर्सेंटाइल सांगणारे कॅल्क्युलेटर भरपूर आहेत, पण ते कुठल्यातरी देशाच्या सर्व्हेतून काढलेली रांग दाखवतात, तिथे लोक आज कसे आहेत एवढंच त्यातून कळतं. त्यामुळे तुमच्या तक्त्यात १८ आणि २५ एका ओळीत बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण नेमक्या याच वयात मोजायची पद्धत बदलते आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

तो गोंधळ जरा जवळून बघा. आपला तोच १७२ सेंटिमीटरचा मुलगा, वजन ७७ किलो, बीएमआय २६. वय एकोणीस. सीडीसीच्या चार्टवर एकोणिसाव्या वर्षी ८५ची रेघ साधारण २६.४ला आहे, म्हणजे हा रेघेच्या आत, ठीक. मग त्याचा विसावा वाढदिवस येतो, आता प्रौढांची हद्द लागू, २५च्या वर, जास्त वजन. एका रात्रीत त्याच्या अंगात काहीही बदललेलं नाही, तरी कालचा ठीक आज जाड. दुसरा मुलगा, उंची तीच, वजन ५६ किलो, बीएमआय १८.९. वीसला थोडे दिवस राहिलेत. त्या वयाला चार्टची ५ पर्सेंटाइलची रेघ साधारण १९.१ला जाते, म्हणजे हा कमी वजनाचा. वाढदिवस झाला, हद्द १८.५, म्हणजे हा ठीक. जाड मुलगा वाढदिवसाला बिघडला आणि बारीक मुलगा वाढदिवसाला सुधारला! त्यात अजून जागतिक आरोग्य संघटनेचा २००७चा वेगळा चार्ट आहे, ५ ते १९ वयाचा, त्यात एकोणिसाव्या वर्षी मुलांची जास्त वजनाची रेघ २५.४ला येते, प्रौढांच्या हद्दीला जुळावी अशीच ती बेतलेली आहे, तर त्या चार्टवर २६वाला आधीपासूनच रेघेबाहेर. एकच मुलगा, एकच वजन, आणि कुठला चार्ट उघडला त्यावर निकाल. हे चार्ट चुकीचे आहेत असं मी म्हणत नाहीये, प्रत्येकाचं आपापलं काम आहे, पण कुठला चार्ट ते न सांगता आकडा छापला की वाचणाऱ्याच्या हातात काही येत नाही.

आता रांग कोणाची हा मुद्दा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. शंभरात तुमचा नंबर कितवा हे शंभर कोण यावर ठरतं. सीडीसीच्या चार्टसाठी अमेरिकेत १९६३ पासून पुढे झालेल्या सर्व्हेंतली मापं वापरली, पण १९८८ ते ९४च्या सर्व्हेतली सहा वर्षांच्या पुढच्या मुलांची वजनं मुद्दाम बाहेर ठेवली, कारण तोवर तिथली मुलं जाड व्हायला लागली होती आणि ती धरली असती तर रेघाच वर सरकल्या असत्या. निर्णय शहाणपणाचा होता. पण त्याचा अर्थ असा की तुमच्या ‘८५ पर्सेंटाइल’मधले शंभर जण म्हणजे तुमच्या आजूबाजूची आजची मुलं नाहीतच, ती कित्येक दशकांपूर्वीची दुसऱ्या देशातली मुलं आहेत. म्हणूनच आज तिथे ९५च्या पुढे पाच टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त मुलं सापडतात, आणि विद्यार्थी मला विचारतात की मॅडम ९५च्या वर पाचच टक्के असायला हवेत ना, तर त्याचं उत्तर हे आहे, रेघ जुन्या रांगेची आणि मोजणी नव्या मुलांची.

याच्या उलट, आजच्या प्रौढांची ताजी रांग घेतली तर वेगळाच धोका. अमेरिकेत प्रौढ पुरुषांचा सरासरी बीएमआय २९च्या आसपास गेलाय. त्या रांगेत २७ बीएमआयचा माणूस खालच्या अर्ध्यात उभा राहतो, कॅल्क्युलेटर त्याला सांगणार की तुम्ही निम्म्याहून जास्त पुरुषांपेक्षा बारीक आहात, आणि तो निवांत होणार. सगळी रांगच वर सरकली तर मधला माणूसही वर सरकतो, तो निरोगी राहतोच असं नाही. पन्नासला ‘आदर्श’ म्हटलं की आपण नेमकं हेच विसरतो.

अजून एक गोष्ट वर्गात शिकवताना मी मुद्दाम फळ्यावर काढून दाखवते. बीएमआयची रांग दोन्हीकडे सारखी पसरलेली नसते. एकोणीस वर्षांच्या मुलांची सीडीसीची पाचवी रेघ साधारण १८.७, पन्नासावी २२.५ आणि पंच्याण्णवावी २९.७. आपल्या १७२ सेंटिमीटरच्या मुलासाठी त्याचे किलो करा, ५५, ६७ आणि ८८. म्हणजे पाचपासून पन्नासपर्यंतचे पंचेचाळीस जण बारा किलोत दाटीवाटीने उभे, आणि पन्नासपासून पंच्याण्णवपर्यंतचे तेवढेच पंचेचाळीस एकवीस किलोत पसरलेले. यामुळे होतं काय की मधल्या मुलाचं वजन दोन किलो इकडचं तिकडे झालं, नुसतं आजारपणात उतरलं किंवा पेपरच्या काळात वाढलं, तरी त्याचा पर्सेंटाइल धाडकन बदलतो आणि तो घाबरतो. आणि वरच्या टोकाला असलेला मुलगा, १०० किलोवाला, महिनोन्महिने कष्ट करून पाच किलो उतरवतो, तरी आकडा ९८ वरून ९७ पर्यंत जेमतेम येतो आणि त्याला वाटतं काहीच झालं नाही. झालेलं असतं! जास्त वजनाच्या माणसाचं पाच टक्के वजन उतरलं तरी साखर, रक्तदाब यांच्यात फरक पडू शकतो हे डॉक्टर लोक नेहमी सांगतात. म्हणूनच त्या टोकाला पर्सेंटाइल सोडून ९५च्या रेघेच्या किती टक्के आहात असं मोजतात, रेघेच्या १२० टक्क्यांपुढे तीव्र लठ्ठपणा धरतात, आणि सीडीसीने २०२२ मध्ये त्यासाठी वेगळे वाढीव चार्टही काढले.

मोजण्यातली हयगय तर विचारूच नका. मुलं बूट घालून उंची मोजतात, अडीच सेंटिमीटरचा सोल असला की ७७ किलोवाल्याचा बीएमआय २६ चा २५.३ होतो. सकाळचं आणि रात्रीचं वजन किलो दीड किलोने सहज वेगळं येतं. एवढ्या कच्च्या मापावर ५३ की ५८ पर्सेंटाइल यावरून मुलं रात्र रात्र मेसेज करत बसतात.

आता या वयाच्या मुलांचं शरीर. उंची बहुतेकांची सतरा अठराला थांबत आलेली असते, काहींची थोडी पुढेही वाढते, पण रुंदी, स्नायू, हाडं यांचं भरणं विशीतही चालू असतं. चार्टची मधली रेघच अठराला साधारण २२ आणि विसाला २३ आहे, म्हणजे १७२च्या मुलाचं या दोन वर्षांत तीनेक किलो वजन वाढलं तर तो जाड होत नाहीये, तो मोठा होतोय. हे घरच्यांनीही समजून घ्यायला हवं. आणि उलट बाजूने, जिमला जाऊन ज्याने खरोखर स्नायू कमावलेत त्याचा बीएमआय २७ दाखवेल आणि पोट सपाट असेल, त्याला जास्त वजनाचा शिक्का मारण्यात अर्थ नाही. मात्र हेही सांगते की २७ बीएमआय असलेला प्रत्येक जण ‘माझे मसल आहेत’ म्हणतो आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरं नसतं, टेप लावली की कळतं.

ती टेप हीच खरी कामाची वस्तू आहे आणि तुमच्या अख्ख्या पानावर तिचा उल्लेख नव्हता. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो आणि स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघं शेजारी शेजारी आणि ठीक. पण मशीनवर चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के, दुपटीहून जास्त. मी हा फोटो वर्गात दाखवते तेव्हा मुलं गप्प होतात, कारण दिसायला दोघंही सडपातळच आहेत. दक्षिण आशियाई लोकांत त्याच बीएमआयला चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, त्यातही चरबी पोटाभोवती साचते, आणि डायबेटिसचा धोका कमी बीएमआयलाच सुरू होतो. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावध व्हायचे आकडे सुचवले. आपल्या १७२च्या मुलासाठी म्हणजे ७४ नाही, ६८ किलोपासूनच लक्ष ठेवायचं. लक्ष ठेवायचं म्हणजे उपाशी राहायचं नाही, कंबर मोजायची.

कशी मोजायची तेही लिहिते कारण मुलं पँटचा नंबर सांगतात आणि पँट तर पोटाच्या खाली बसते. सरळ उभं राहायचं, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ हाताने चाचपायचा, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळायची, उघड्या अंगावर, न आवळता. नेहमीसारखा श्वास सोडायचा आणि मग आकडा वाचायचा, पोट आत ओढून नाही. तो आकडा उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. १७२ उंची तर ८६च्या आत. आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरची सरळ हद्दही वापरतात. याला चार्ट लागत नाही, वय लागत नाही, अ‍ॅप तर अजिबात लागत नाही. बीएमआय २२ आणि कंबर ९२ असेल तर तुमच्या तक्त्यातला हिरवा रंग त्या मुलाला फसवतोय, आणि बीएमआय २६ आणि कंबर ८० असेल तर तुमचा पिवळा रंग त्याला उगाच घाबरवतोय.

बारीक मुलांबद्दल पेपरात कोणी लिहीतच नाही म्हणून थोडं थांबते. माझ्याकडे जे विचारायला येतात त्यात जास्त तेच असतात. जाड मुलाला सगळे बोलतात हे आपल्याला दिसतं, पण ‘काय रे, घरी जेवायला देत नाहीत का’ हे वाक्य ऐकत मोठा झालेला मुलगा किती आतून खचलेला असतो ते कोणाच्या लक्षात येत नाही. दहा किंवा पंधरा पर्सेंटाइलवर लहानपणापासून असलेला, खाणारा पिणारा, दमदार खेळणारा मुलगा आजारी नसतो, त्याची ठेवणच ती असते, बहुतेकदा वडील आणि काकाही तसेच असतात. काळजीची गोष्ट वेगळी आहे, कमी आकडा नाही तर घसरलेला आकडा. सहा महिने ते वर्षभरात काही न करता पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, म्हणजे ६० किलोचा मुलगा ५७च्या खाली आला, तर डॉक्टरकडे जायलाच हवं, डायबेटिस, थायरॉइड, टीबी, पोटाचे आजार, सगळं बघावं लागतं. जेवण टाळण्याचे आजार फक्त मुलींना होतात हाही गैरसमज आहे, मुलांनाही होतात आणि कोणी विचारत नाही म्हणून लपून राहतात.

आणि ज्यांना काही झालेलं नाही त्यांना तुमचा ‘आदर्श’ तक्ता कुठे नेतो? वीसवरून पन्नासवर जायचंय म्हणून मुलं डब्यातल्या पावडरी घेतात, कोणीतरी इंजेक्शन सुचवतं. स्टिरॉइडने वजन वाढतं, बीएमआय वाढतो, पर्सेंटाइलही वाढतो, आणि सोबत वृषण लहान होतात, शुक्राणू कमी होतात, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, हृदयावर ताण येतो. पर्सेंटाइलच्या आकड्यात यातलं काही दिसत नाही, तिथे तो मुलगा ‘सुधारलेला’ दिसतो. एकोणीस वर्षांच्या पोराने फक्त हिरव्या पट्ट्यात यायचं म्हणून हे करावं, याचा मला राग येतो.

घसरणीसारखीच वाढही बघावी लागते, आणि विशीत तीच जास्त फसवते. अठराव्या वर्षी ६० किलो असलेला आपला मुलगा, बीएमआय २०. नोकरी लागली, खेळ सुटला, बसून काम, झोप कमी, आणि पंचविशीत ७२ किलो. बीएमआय २४.३, नेहमीच्या हद्दीत अजूनही ठीक, कोणी काही बोलणार नाही, उलट ‘तब्येत सुधारली’ म्हणतील. पण स्नायू काही वाढलेले नाहीत, ते बारा किलो बरेचसे पोटावर आलेत. ऐन तारुण्यात वाढलेल्या वजनाचा पुढच्या डायबेटिस आणि हृदयविकाराशी संबंध मोठमोठ्या अभ्यासांत परत परत दिसलाय. हा मुलगा एका दिवसाच्या पर्सेंटाइलमध्ये सापडत नाही, त्याला पकडायला त्याचंच जुनं वजन लागतं. म्हणून मी मुलांना सांगते की दुसऱ्याच्या रांगेत नंबर शोधण्यापेक्षा वर्षातून दोनदा आपलं वजन आणि कंबर वहीत लिहून ठेव, वर्षं गेली की तो तुझा चार्ट.

डॉक्टर मंडळीही हेच म्हणायला लागलीत. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने स्पष्ट सांगितलं की एकट्या माणसाचा लठ्ठपणा फक्त बीएमआयवरून ठरवू नका, कंबर किंवा चरबीचं थेट माप सोबत घ्या आणि त्या चरबीने शरीराच्या कामात बिघाड झालाय का ते वेगळं बघा. त्याआधी २०२३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही बीएमआय एकटा वापरू नका असा ठराव केला होता. म्हणजे बीएमआय फेकून द्या असं कोणीच म्हणत नाहीये, मीही नाही. चाळणी म्हणून तो उत्तम आहे, फुकट आहे, घरी काढता येतो, आणि ४०च्या पुढच्या बीएमआयवाल्याला चरबी मोजायच्या मशीनची गरजच नसते. फक्त चाळणीतून पुढे गेलेल्याला टेप, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, घरात कोणाला डायबेटिस आहे का, हे विचारल्याशिवाय निकाल देऊ नये.

तर माझी मागणी एवढीच आहे. तो तक्ता पुन्हा छापा, पण नीट. वीस वर्षांच्या आतल्यांसाठी वेगळा आणि वीसच्या पुढच्यांसाठी वेगळा. आतल्यांच्या तक्त्यावर कुठल्या चार्टवरून घेतला आणि त्यातली मापं कुठल्या देशातली, कुठल्या वर्षांतली हे ठळक लिहा, बारीक अक्षरात खाली नको. वीसच्या पुढच्यांना पर्सेंटाइल देऊच नका, त्यांना १८.५, २३, २५, २७.५, ३० या हद्दी द्या आणि शेजारी कंबरेची हद्द द्या, उंचीच्या निम्मी. ‘आदर्श’ हा शब्द काढा आणि ५ ते ८५ हा सगळा पट्टा एकाच रंगात दाखवा. टेप कुठे लावायची त्याचं एक छोटं चित्र मिळालं तर फारच चांगलं. आणि जागा उरली तर एक ओळ टाका, की काही कारण नसताना वजन उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. हे पान येईल त्या दिवशी मी ते वर्गाच्या ग्रुपवर स्वतः टाकेन, जुना फोटो अजूनही तिथे फिरतोय.

आपली नियमित वाचक,
एक प्राध्यापिका